मुहूर्त बाळच काढतं

जगन्मातेस वंदन करून, आज नातीच्या बारशानिमित्त रोह्याच्या प्रसूतिगृहातील एका परिचारिकेचे स्मरण करतो. ती पेणहून येई; नाव विचारायचे राहिले.

लेकीचे दिवस उलटले, तरी कळा येईनात. मी भयाने पंचांग चाळत होतो.

“मिटा ते, आजोबा! मुहूर्त बाळच काढतं,” परिचारिका हसली. “त्याची तयारी झाली, की गर्भपिशवीला शांत ठेवणाऱ्या संप्रेरकाचा जोर ओसरतो आणि तिच्या पेशी एकमेकींशी जोडल्या जातात.” तिने बोटांत बोटे गुंफून आवळली. “मग होडी वढल्यागत सगळ्या एकदम जोर लावतात.”

“आणि नाही लावला तर?”

“डॉक्टर हायत, मी हाय. घाबरताय कशाला?”

सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारी दार उघडून ती माझ्या पत्नीस म्हणाली, “मोकळी झाली गो आजी, लेक तुझी!”

मी नमस्कारासाठी हात उचलले, तर तिने त्यांत नातच ठेवली.

वाचकहो, आपल्या घरच्या लेकीसुनाही अशाच सुखरूप मोकळ्या होवोत.