सुगंधाअक्काची करंगळी

शिंदखेड्याच्या आसपास लग्न ठरलं की आधी मांडव आणि मग सुगंधाअक्का, असा क्रम होता. पुरण भरलेली लाटी दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायची, हे तिचं काम. खापर किती तापलंय ते ती तळहात जवळ नेऊन ओळखे. तीस वर्षांत ‘चटका बसला’ हे शब्द तिनं उच्चारले नव्हते. मांडे करणाऱ्या बाईनं असं म्हणणं म्हणजे कोळ्यानं पाणी ओलं असल्याची तक्रार करणं.

छप्पन सालच्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही हातांची बोटं बधिर झाली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. एका पंगतीत लागोपाठ फाटलेल्या तीन मांड्यांनी सांगितलं. वैशाखात तिच्या लताचं लग्न होतं, आणि जावयाच्या पानात मांडा पडायचा तो सासूच्याच हातचा, अशी घराची रीत. धाकटी जाऊ प्रमिलाबाई मदतीला तत्पर होती.

“अक्का, आते तुम्ही बसा. मांडा मी करसू.”

“तुना मांडा जावईले दखाडा तर लगन मोडी जाई,” अक्का म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी भावाला, भटूला घेऊन धुळ्याच्या बसमध्ये बसली.

धुळ्याच्या डॉक्टरांकडे नवा दिवा आला होता. लोखंडी दांड्यावर लाल बल्ब. उजेडाच्या उष्णतेनं रक्त धावतं आणि निजलेले मज्जातंतू जागे होतात, हे ते इतक्या खात्रीनं सांगत की मज्जातंतूंना निजून राहायची लाज वाटावी.

“चटका बसला तर लगेच सांगा,” ते म्हणाले. ज्या हाताला चटका कळत नाही म्हणून बाई आली होती, त्याच हाताला पहाऱ्यावर बसवून ते शेजारच्या खोलीत गेले.

तिसऱ्या खेपेला भटूला करपल्यासारखा वास आला. “अक्का, तुना हात भाजी राहिना.”

“भाजू दे.”

फोड पाहून डॉक्टर चिडले. सांगितलं का नाही?

“कळतं तर आठे कसाले येतू, डाक्टरभाऊ?”

त्यानंतर दिवा हातभर लांब गेला. बारा बैठका झाल्या. शेवटी डोळे मिटवून टाचणीची परीक्षा. टोचण्यापूर्वी डॉक्टर श्वास रोखतात, हे अक्काच्या लक्षात आलं होतं. श्वास थांबला की ती म्हणे, “टोचनी.” वहीत ‘लक्षणीय सुधारणा’ अशी नोंद झाली. आपण काय केलं ते परतीच्या बसमध्ये तिला नीट कळलं, पण लग्नाला पाचच दिवस उरले होते.

लग्नाच्या सकाळी ती खापरापाशी बसली. प्रमिलाबाई हात धुऊन, बांगड्या मागे सारून, अगदी जवळ उभी. पहिले चार मांडे अक्कानं नुसत्या नजरेनं निभावले. पाचवा सोडताना काठ घसरला, तिचा उजवा हात खापराला लागला आणि झटकन मागे आला. मांडा राखेत पडला.

“चटका बसना,” अक्का म्हणाली.

पीठ मळणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“तीस वरीसमा पहिलांदा,” प्रमिलाबाई हळहळली. हळहळ जरा घाईनं आली होती. “उठा अक्का.”

अक्का उठली नाही. तिनं बोटं पाण्यात बुडवली आणि मग एकेक बोट खापराला लावून पाहिलं. डाव्या हाताची पाचही: काही नाही. उजवा अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका: काही नाही. करंगळी लावली आणि ती हसली. सगळ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

“बसना,” ती पुन्हा म्हणाली, या वेळी स्वतःशीच. मग जावेकडे हात पसरला. “लाटी दे. आनि जरा मांगे सरक, उजेड अडी राहिना.”

जावई चार मांडे जेवला. डॉक्टरांनी ही हकीकत भटूकडून ऐकली आणि वहीत ‘पूर्ण बरी’ असं लिहिलं. उरलेल्या नऊ बोटांसाठी त्या रकान्यात जागा नव्हती.

अक्का मात्र त्यानंतर खापराजवळ तळहात नेत नसे. करंगळी नेई, आणि चटका बसला की तसं मोठ्यानं सांगे.