त्याचं नाक

चिंचवडला हमरस्त्याच्या अलीकडे माझं गॅरेज, पलीकडे त्याचं. गिऱ्हाईक बोलू लागलं की हा डोळे मिटून नुसता "व्हय, व्हय" करतो. तरी गर्दी त्याच्याकडेच.

एकदा माझ्याकडे आपोआप गिअर बदलणारी जुनी अमेरिकन मोटार आली. इंजिन ओरडायचं, पण गाडी रेंगाळायची. तपकीर ओढत मी कार्बोरेटर खोलला, साफ केला, बसवला. फरक शून्य. मालकानं पलीकडून त्याला बोलावलं. त्यानं गिअरच्या तेलाची पट्टी काढून हुंगली.

"तेल करपलंय. आतल्या चकत्या घसरत्यात. तू बी हुंग, राव."

मी हुंगलं. मला तपकिरीचाच वास आला.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्याच्यापुढे तपकिरीची डबी धरतो. लेकाचा अजून हसून नको म्हणतो.