रीळ बदलेपर्यंत

लोकांचे हात वर झाल्याशिवाय दुभाषीकाका गोष्ट पुढे नेत नसत. आमच्या चिंचवडच्या बाटल्यांच्या कारखान्यात महिन्यातून एका शनिवारी, पहिली पाळी सुटल्यावर, पॅकिंगच्या शेडमध्ये इंग्रजी सिनेमा दाखवत. खिडक्यांना गोणपाट, समोर पांढरी चादर, आणि चादरीच्या डाव्या बाजूला स्टुलावर काका. पडद्यावरची माणसे इंग्रजीत बोलत, काका ते आम्हाला मराठीत सांगत. यंत्र एकच होते. रीळ संपले की दिवा लागे आणि दुसरे चढवायला चार-पाच मिनिटे जात. तेवढ्यात काका उठून विचारत, ‘ही पोरगी आता कुणाला हो म्हणणार? उंच गड्याला म्हणणारे, हात वर करा.’ तीनशे माणसे शाळेतल्यासारखे हात वर करत. काका बोट फिरवून मोजत, आणि मगच खाली बसत.

कारखान्यात ते टाइम ऑफिसात कारकून होते. हजेरी लावणे आणि कामगारांच्या फायली सांभाळणे, एवढेच काम. इंग्रजी ते कराचीत शिकले होते. युद्धाच्या वर्षांत तिथे अमेरिकन सैनिकांच्या खाणावळीत ते हिशेबनीस होते आणि संध्याकाळी त्या गोऱ्या पोरांचा बेसबॉल बघत बसत; त्याला ते चेंडूफळी म्हणत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांबरोबर तेही पिंपरीच्या छावणीत येऊन पडले, एकटेच. बायको तिकडेच वारली होती. छावणीच्या कारकुनाने त्यांना सिंधीत नाव विचारले, तेव्हा त्यांनी मराठीत सांगितले, आणि त्याने म्हणे दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले. हे सांगून ते स्वतःच हसत.

त्यांचा एक नियम होता. ‘पडद्यावर आहे तेवढंच सांगायचं. पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही.’ सोड्याच्या दुकानाला ते उसाच्या रसाचे गुऱ्हाळ म्हणत खरे, पण कोण काय बोलला यात कधी फरक करत नसत. एकदा मालक सिनेमाला आले होते आणि पडद्यावरचा नोकर आपल्या मालकाला नालायक म्हणाला. काकांनी स्वच्छ सांगितले, ‘नालायक म्हणतोय.’ आम्ही पंधरा दिवस हसत होतो. पण असे स्वच्छ सांगणाऱ्या काकांवरच मी पुढे चिडलो.

झाले असे. भट्टीवरचा सखाराम, पिंपळे गुरवचा, न विचारता पाणी प्यायला गेला म्हणून त्याला उभ्या उभ्या काढून टाकले. कारखान्याच्याच नियमात लिहिले होते की आधी तीन लेखी नोटिसा द्यायच्या. लेबर ऑफिसर म्हणाले, तीनही दिल्या होत्या. सखाराम म्हणाला, ‘आईची आन, येक बी न्हाई.’ खरे-खोटे फाईल सांगणार होती, आणि फाईल काकांकडे. मी युनियनची पत्रके लिहायचो. मी काकांकडे गेलो आणि म्हणालो, सभेत येऊन एवढेच सांगा की फायलीत नोटीस आहे की नाही. काका हजेरीच्या कार्डांवरून मान वर न करता म्हणाले, ‘बघू.’

बघू. एका माणसाच्या घरात चूल पेटेनाशी झाली होती आणि यांचे बघू. तशात कळले की आमच्या सभेच्याच शनिवारी, त्याच वेळी, ऑफिसाने फुकट सिनेमा ठेवला आहे. वर चहा आणि भजी. आणि सांगायला काका. मी पुन्हा गेलो आणि म्हणालो, नाही म्हणा. ते म्हणाले, ‘चेंडूफळीचा सिनेमा आहे रे. कराचीनंतर पहिल्यांदा येतोय. माझ्याशिवाय लोकांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.’ त्या रात्री मी पत्रक लिहिले. काकांना त्यात ‘मालकाच्या पिंजऱ्यातला पोपट’ म्हटले होते. शनिवारी सकाळी ते सगळ्यांच्या हातात होते. काकांनीही एक मागून घेतले, वाचले, घडी करून खिशात ठेवले.

संध्याकाळी फाटकाजवळच्या आमच्या सभेला अकरा माणसे आली. युनियनचे अध्यक्ष म्हणाले, चला, आत जाऊ, निदान पत्रके तरी वाटू. शेड खचाखच भरली होती. पुढच्या खुर्चीत लेबर ऑफिसर, गुडघ्यावर भज्यांची बशी. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो आणि पडदा बघत राहिलो. दोन दोस्त, एक उंच, एक बुटका, एकाच संघातले, एकाच पोरीवर जीव टाकलेले. मैदानावर खेळता खेळता मध्येच गायचे, नाचायचे. लोक खूश होते. मला त्या प्रत्येक हसण्याचा राग येत होता.

दुसऱ्या रिळात उंच गडी दांडा घेऊन उभा राहिला. काका सांगत होते, ‘मागं काळ्या कोटातला आहे तो पंच. चेंडू हुकला की पंच मोठ्यानं ओरडतो, एक. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. पुन्हा हुकला, दोन. तिसऱ्यांदा हुकला, तर बाद.’

भट्टीवरचे गेनूबाबा ओरडले, ‘तीनदा चुकला तरी चालतंय व्हय? मग आमचा सख्या त्या देशात पायजे हुता.’

शेड हसली. ऑफिसर हसले नाहीत. रीळ संपले, दिवा लागला. काका उठले. माझे पत्रक ठेवलेल्या खिशावर त्यांचा हात होता.

‘पोरीचं आज नंतर विचारतो,’ ते म्हणाले. ‘नोटिसा मी फायलीला लावतो. सखारामच्या फायलीत एकही नोटीस नाही. पंच एक म्हणाला नाही, दोन म्हणाला नाही. थेट बाद. सखाराम बाद, असं म्हणणारे हात वर करा.’

एकही हात वर झाला नाही.

‘बाद नाही म्हणणारे?’

सवयच ती. कुणी आजूबाजूला बघितले नाही, कुणी विचार केला नाही, तीनशे हात वर गेले. यंत्र चालवणाऱ्याचे दोन्ही हात रिळात गुंतले होते, त्याने रीळच वर धरले. काका बोट फिरवून मोजू लागले. ऑफिसरांच्या गुडघ्यावरची बशी खाली पडली. तेवढ्यात गेनूबाबा उठले. ‘आन् सोमवारी भट्टीवर न जानारं कोन? त्ये बी इचारा, दुभाषी.’

काकांनी विचारले. हात खाली आलेच नव्हते.

ऑफिसर ओरडले, दिवा घालवा. काका स्टुलावर बसले आणि सिनेमा शेवटपर्यंत सांगितला. एकही वाक्य गाळले नाही. पोरगी बुटक्या गड्याला हो म्हणाली. पुढची रिळे ऑफिसरांनी बॅटरीच्या उजेडात बदलायला लावली होती, त्यामुळे तिच्याबद्दल हात वर करायला दिवाच लागला नाही.

सोमवारी कुणी भट्टीवर गेले नाही. काच भट्टीतच थिजली तर भट्टी फोडावी लागते, हे मालकांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मंगळवारी संध्याकाळी सखारामला परत घेतले. आणि काकांना सोमवारी सकाळीच कामावरून काढल्याचे पत्र मिळाले होते, ऑफिसची माहिती फोडली म्हणून.

आता जे लिहितो ते कुठल्याही पत्रकात आलेले नाही. समझोत्यावर सह्या करण्याआधी आमची कमिटी बसली. सात माणसे. कुणीतरी म्हणाले, मागणीत काकांचे नाव घाला. अध्यक्ष म्हणाले, काका कारकून, ते आपल्या कामगारांच्या यादीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी ताणले तर हातचा सखारामही जाईल. मग नाव घाला म्हणणाऱ्यांना त्यांनी हात वर करायला सांगितले. दोन हात वर झाले. काकांचे नाव मागणीत आले नाही. ज्याच्या एका वाक्यावर आम्ही जिंकलो, त्याला आम्ही वर्गवारी करून बाहेर ठेवले आणि पेढे वाटले.

गुरुवारी मी पिंपरीच्या छावणीत त्यांच्या खोलीवर गेलो. ते ट्रंक बांधत होते, नागपूरला पुतण्याकडे निघाले होते. माझे पत्रक वळकटीवर होते. ते म्हणाले, ‘भाषा जोरदार आहे तुझी. फक्त तू नुसतं सांगतोस. मधे थांबून विचारत नाहीस.’ मी त्यांना कमिटीची सगळी हकीकत सांगितली. गाळले नाही. ते दोरीची गाठ मारत ऐकत होते.

‘किती हात?’

‘दोन.’

‘नीट मोजले?’

‘मोजले.’

त्यांनी मान हलवली. ‘मग मला मोजून तरी बाद केलं,’ म्हणाले, आणि ट्रंकेचे दुसरे टोक धर म्हणून मला खूण केली. स्टेशनापर्यंत आम्ही ती दोघांनी नेली. ते सिनेमाबद्दलच बोलत होते. बुटका गडी तिला का आवडला असेल, याबद्दल.

त्या दोन हातांत माझा होता का, हे त्यांनी विचारले नाही. म्हणून इथे लिहितो. नव्हता.