आईनं अर्धाच पाहिलेला सिनेमा

भुताच्या सिनेमाला मी कधी घाबरले नाही. पांढरी साडी, हातात मेणबत्ती, वाऱ्यानं आपटणारी दारं, हे सगळं बघून मला हसूच येतं. एवढ्या वाऱ्यात बाईची मेणबत्ती विझत कशी नाही, असं मी मोठ्यानं विचारते आणि शेजारी बसलेले वैतागतात. पण गेल्या श्रावणातल्या एका शुक्रवारी, भर दुपारी, जुळे सोलापुरातल्या माझ्याच फ्लॅटमध्ये असा एक सिनेमा बघताना माझे हातपाय गार पडले. पडद्याकडे बघून नव्हे. सोफ्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे बघून.

एक माझी आई. पंच्याहत्तरीची, वडील गेल्यापासून माझ्याकडेच असते. दुसरी तिची धाकटी बहीण, माझी मंद्रूपची मावशी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तिला आठ दिवस आणून ठेवलं होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच तिचा नवरा गेला. मूलबाळ नाही, असंच मी जन्मभर ऐकत आले. ती आमच्याकडे फक्त कार्याला यायची आणि जेवून त्याच दिवशी परत जायची. राहा म्हणून आईनंही तिला कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

त्या सकाळी जिवतीची पूजा होती. श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे आया लेकरांना ओवाळतात. लेकरू जवळ नसेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या, जिथं असेल तिथं त्याला पोचतात म्हणे. आईनं मला पाटावर बसवून ओवाळलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाटावर बसायचं म्हणजे गुडघे कुरकुरतात, पण आईपुढे कुणाचं चालतंय? मग ती पुरण वाटायला स्वयंपाकघरात गेली. मी पाट उचलायला परत आले, तर मावशी काळा चष्मा लावून देवापुढे उभी. तिनं तबकातल्या चिमूटभर अक्षता घेतल्या, तोंड बाल्कनीकडे फिरवलं आणि टाकल्या. चारी दिशांना नाही. एकाच, उत्तरेला. मग हात जोडून काहीतरी पुटपुटली.

मूल नसलेली बाई जिवतीच्या अक्षता कुणासाठी टाकते? आणि एकाच दिशेला का? मंद्रूपहून उत्तरेला काय आहे ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सोलापूर आहे. वर्षानुवर्षांच्या सवयीनं हात तिकडंच गेला, आणि आज आपण सोलापुरातच उभ्या आहोत हे बाई विसरून गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिच्या मागं चार हातांवर उभी होते.

खरं तर माझ्या पोटात काही राहत नाही. मनात आलं की बोलून मोकळी होते. पण त्या सकाळी जीभ उचलेना. विचारलं आणि हो म्हणाली तर? आत पुरण वाटणारी ती बाई मग माझी कोण? मी पाट भिंतीला लावला आणि पानं घ्यायला गेले. जेवताना दोघींची तोंडं बघत होते. माझं नाक कुणासारखं, हनुवटी कुणासारखी.

जेवणं झाल्यावर मावशी म्हणाली, आता लख्ख दिसतंय, तर तो हवेलीतल्या भुताचा जुना सिनेमा लाव की. आई लगेच म्हणाली, सणासुदीला भुतंखेतं कशाला, कीर्तन लाव. मावशी कधी कशाचा हट्ट करत नाही. त्या दिवशी तिनं केला. मला आठवलं, लहानपणी टीव्हीवर हा सिनेमा लागला की आई उठून बंद करायची. घाबरशील म्हणायची. मला रात्री अंधारात परसात एकटीला पाठवणारी आई! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी सिनेमा लावला. मुद्दाम लावला.

हवेलीत रात्री एक बाई फिरत असते. नोकर म्हणतात, मालकाची मेलेली धाकटी बायको आहे. ती येते ती एकाच खिडकीशी, जिथं घरातली पोरगी झोपलेली असते. मध्यंतराच्या सुमारास आपल्याला कळतं की भूत वगैरे काही नाही. बाई चांगली जिवंत आहे, पोरगी तिच्या पोटची आहे, आणि पोरगी जिला आई म्हणते तिनं ती लपवून वाढवलेली आहे.

आईनं पदराचं टोक बोटाला करकचून गुंडाळलं होतं. तिनं रिमोटकडे हात नेला. मी रिमोट उचलला आणि मांडीखाली ठेवला. दुष्टपणा होता तो, मान्य आहे मला. आई उठायला लागली, तसं मावशीनं तिचं मनगट धरलं.

"बस की अक्का. आज तरी शेवटपतुर बस."

मग पडद्यावरची नजर न काढता मावशी बोलत गेली. हा सिनेमा इथं टॉकीजला पुन्हा लागला होता तेव्हा दोघी बहिणी बघायला गेल्या होत्या. मी पाच महिन्यांची, आईच्या मांडीवर. सिनेमा नेमका इथपर्यंत आला आणि मी रडायला लागले. मावशीचे हात आपोआप पुढं आले. आई मला घेऊन ताडकन उठली, अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर पडली आणि थेट घरी गेली. मावशी बसून राहिली. सिनेमा संपल्यावर एकटीच एसटी स्टँडवर गेली.

मला आता विचारायचं काही राहिलंच नव्हतं. तरी मावशीनं सांगितलं. नवरा गेला तेव्हा तिला सातवा महिना होता. बाळंतपण करमाळ्याला, माहेरी झालं. आईला सात वर्षं मूल नव्हतं. आजोबांनी ठरवलं आणि मला आईच्या ओटीत घातलं. मंद्रूपला कळवलं, लेकरू जगलं नाही. पोरीला कधी कळू द्यायचं नाही, अशी शपथ आईनं घातली होती. मला दोघींचा असा राग आला की कानशिलं तापली. मी काय भांडं होते, इकडून तिकडं द्यायला?

सिनेमा चालूच होता. शेवटी ती बाई हवेलीच्या फाटकाशी येते. पोरगी धावत जाऊन विचारते, तुम्ही कोण? बाई म्हणते, वाट चुकले होते. आणि निघून जाते.

आई पडद्याकडे बघत होती.

"नेत नाही ती पोरीला?"

"न्हाय नेत."

"मला वाटायचं, नेते."

म्हणजे एवढी वर्षं या बाईनं मनात एकच शेवट धरून ठेवला होता. बहीण दारात आली की हिच्या छातीत धडकी भरायची, म्हणून राहा म्हणायची नाही. राग कुठल्या कुठं गेला. आईला जवळ घ्यावंसं वाटलं, पण जागची हलले नाही मी.

तुला शेवट ठाऊक होता तर सांगितला का नाहीस, असं आईनं विचारलं. मावशीनं चष्मा काढून डोळ्याखाली पदर फिरवला.

"मला तरी कुटं ठाव हुतं अक्का, मी तशीच वागंन म्हणून."

आईनं माझ्याकडे पाहिलं. आता तू, एवढंच म्हणाली आणि थांबली. मी ओरडले तिच्यावर. घर माझं आहे, मी कुठं जाणार, वेड्यासारखं बोलू नकोस म्हणाले. ओरडताना रडू आवरत नव्हतं.

मावशी उठून आतल्या खोलीत गेली आणि साड्यांच्या घड्या घालायला लागली. पाचची एसटी मिळेल म्हणाली. बोलायचं नव्हतं ते बोलून बसले, आता हितं राहून कुणाच्या जिवाला घोर लावू? मी तिच्यामागं आत गेले आणि वळून आईकडे पाहिलं. ती भिंतीला धरत धरत त्या खोलीच्या दारापर्यंत आली, पण बोलली ती माझ्याशी.

"तिला जाऊ देऊ नकोस. तुझं ऐकेल ती. माझं एकदा ऐकलंय तिनं, तेवढं पुरे झालं."

मी मावशीच्या हातातली साडी धरली. तिनं ती लगेच सोडली नाही.