सोनाराच्या काट्यावर मैदा

मुलगी पुण्याला नोकरीला लागली. पहिल्या दिवाळीत तिने मला एक छोटा ओव्हन पाठवला. हे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. "तुझा वेळ जाईल," ती फोनवर म्हणाली आणि केकची कृती पाठवली: मैदा एकशेवीस ग्रॅम, पिठीसाखर नव्वद, बेकिंग पावडर सहा.

घरात वजनकाटा नव्हता. मी विचारलं, "ग्रॅम मी कशानं मोजू वं? मले समजून नाई राह्यलं."

"आई, गुगलवर चमच्यांचं माप असते. बघ ना."

पाहिलं. तिथे टेबलस्पून होता. आमच्याकडे पोह्यांचा चमचा, चहाचा चमचा आणि वाढायचा डाव. यातला टेबलस्पून कोणता? अंदाजाने घातलं. पहिला केक बसला, वर पावडरीची कडवट चव. तो गाईला घातला.

मग पिशवीत मैद्याचा डबा, साखर, पावडरीची डबी आणि घरचे दोन चमचे घेतले आणि कारंज्याच्या बाजारात गेले. किराणावाल्याच्या काट्यावर एक चमचा पावडर ठेवली तर आकडा हललाच नाही. तोच म्हणाला, "काकू, सोनाराकडे जाजो."

सोनाराचं दुकान ओळखीचं. मंगळसूत्र तिथलंच. तो म्हणाला, "काय काकू, मोडाचं आहे का काई?"

"नाई हो. मैदा मोजाचा आहे."

आधी तो हसला. मग काट्यावर कागद ठेवून आकडा शून्यावर आणला. मी चमचा भरून सुरीने वरून सपाट केला. पोह्यांच्या चमच्यात मैदा सहा ग्रॅम, साखर साडेसात. चहाच्या चमच्यात पावडर तीन. खात्री व्हावी म्हणून त्याने प्रत्येक वजन पुन्हा करायला लावलं.

"कोणाचा वाढदिवस आहे?"

"कोणाचाच नाई."

त्याने कागदावर सांडलेला मैदा अलगद डब्यात परत ओतला आणि चहा मागवला. काम झालं होतं, तरी मी चहा संपेपर्यंत बसले. खरं तर संपल्यावरही थोडा वेळ बसले. दुसरं गिऱ्हाईक आलं, तेव्हा उठले.

मैदा वीस चमचे, साखर बारा, पावडर दोन. या वेळी केक फुगला, वर सोनेरी झाला. घरभर वास. मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"अय्या, मस्त! आई, मीटिंग आहे, रात्री करते."

रात्री तिचा फोन आला नाही. शेजारच्या घराला कुलूप होतं, ते लग्नाला नागपूरला गेलेले. मी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. हायवेवरून ट्रक जात होते. उरलेला केक डब्यात ठेवला. सकाळी चहासोबत, दुपारी जेवणावर, पुन्हा सकाळी. शेवटचे तुकडे इतके कोरडे झाले की दुधात बुडवून संपवावे लागले.

कृती आठ जणांची होती, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या वेळी सगळं निम्मं केलं. कृतीत अंडं नव्हतं, दही होतं, म्हणून निम्मं करणं जमलं. मैदा दहा चमचे, साखर सहा, पावडर एक. ओव्हनसोबत आलेला केकचा टीन मोठा पडला, म्हणून यांच्या जेवणाच्या डब्यातला खालचा कप्पा घेतला. तो बरोबर मापाचा निघाला. तरीही केक दोन दिवस पुरला.

आता महिन्यातून एकदा तेवढाच करते. मुलीला फोटो पाठवते. ती अंगठा पाठवते.