आयोडीनच्या आधीचे दोन बांगडे

बांगडे तळल्याचा वास आला की माझ्याने अजून एका जागी बसवत नाही. थायरॉईडच्या कॅन्सरवर बहिणीला किरणोत्सारी आयोडीन द्यायचं होतं आणि त्याआधी पंधरा दिवस मासे बंद होते. तिचं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून "दोन बांगड्यांनी काय होता गो?" म्हणत मीच तिला ते चोरून खाऊ घातले. इस्पितळात तिने भाबडेपणाने सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "पेशींचं पोट माशातल्या आयोडीनने भरलं, आमचं कुठे घेतील? आणि हा डोस ठेवताही येत नाही, आठ दिवसांत निम्मा होतो." पुढची तारीख महिन्याने मिळाली. तो सगळा महिना मी अंगणात येरझारा घातल्या. ती एवढंच बोलली, "सायन्सचो मास्तर मां रे तू?" ती आता ठणठणीत आहे. मी मात्र अर्धायुष्याचा धडा आला की फळ्याकडे तोंड करूनच शिकवतो.