सेलचा कुर्ता आणि मानसिंगचा शर्ट

मिरजेच्या बाजारात 'कुठलाही घ्या, एकच भाव' अशी पाटी लागली, की चार दिवसांत तो माल विजयमालाच्या शिलाई मशीनवर येऊन पडायचाच. गावातल्या पोरी पिशव्या घेऊन दारात उभ्या.

"काकू, गळा लय खोल हाय, आई घालू देत न्हाई."

"काकू, ह्याची फट पार कमरंपतोर आलीया!"

विजयमाला गळ्याला पट्टी लावायची, फट चार बोटं खाली आणायची, पातळ कापडाला अस्तर द्यायची. आणि बिनबाह्यांचा कुर्ता दिसला, की तिचं ठरलेलं वाक्य: "आदी आत हात घाल बगू! बाह्या आतच टाचलेल्या असत्यात." शेजारची साक्षी ह्या वाक्याची हुबेहूब नक्कल करायची, मान तिरपी करून, दातात टाचणी धरल्यासारखी. गल्ली खिदळायची. विजयमालाही खिदळायची.

हे मानसिंग होता तोवरचं. तिचा नवरा मानसिंग फौजेतून सुटून घरी आला आणि वर्षाच्या आत, जेवता जेवता, पानावरच कलंडला, तो गेलाच. त्यानंतरही विजयमाला शिवत होती, पण मशीन तिला चालवत असल्यासारखी. साक्षीनं नक्कल केली तरी नुसती बघायची आणि म्हणायची, "पुढची पिशवी दे."

मग मिरजेतल्या एका दवाखान्याच्या जेवणघरात काम मिळालं. अट एकच: साडी चालणार नाही, शेगडीजवळ पदराची भीती. सोमवारी सकाळच्या एसटीनं हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला. सासू बनुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"डरेस घाल न्हाईतर काय बी घाल. पन दंड उघडं टाकून माजा उंबरा वलांडायचा न्हाई."

साक्षीनं सेलमधून कुर्ता आणून दिला. अस्मानी, पांढऱ्या बुट्ट्यांचा. बिनबाह्यांचा.

रविवारी दुपारी विजयमालानं चिंध्यांची पिशवी उपसली. लाल निघालं, पोपटी निघालं, अस्मानी काही निघेना. मग तिनं मशीनचा खण ओढला. आत मानसिंगचा शर्ट होता. बाकीचे त्याचे कपडे बाराव्याला देऊन टाकले होते. हा तेवढा वाचला, कारण झिजलेली कॉलर उलटी करून लावायची म्हणून तो शिवणात पडला होता. बनुबाई अधनंमधनं खण उघडायची, बघायची, पुन्हा लावायची.

शर्टही अस्मानीच होता. विजयमाला उसवत बसली नाही. खांद्यावरून सरळ कात्री चालवली. बाह्या थोड्या अरुंद करून, कफासकट, तिनं कुर्त्याला जोडल्या आणि दोरा तोडला.

बनुबाई गोठ्यातून आली. कुर्ता उलटाच पडला होता, तो सुलटा करायला तिनं आत हात घातला.

"आई गं! काय टोचलं ह्यात?"

घेराजवळ एक टाचणी होती. टाचणीत दोन बाह्या होत्या, नीट घडी घातलेल्या, पांढऱ्या बुट्ट्यांच्या.

"ह्ये काय गं, माले?"

"बाह्या."

"मंग ह्या लावल्यास त्या कुनाच्या?" विचारता विचारता बनुबाईनं बाही उलटून बघितली. कफ ओळखीचे होते.

तेवढ्यात साक्षी दारात आली, मान तिरपी करून. "आदी आत हात घाल..." म्हणाली आणि दोघींची तोंडं बघून उरलेलं वाक्य गिळून टाकलं.

बनुबाईनं बिनहातांचा शर्ट मांडीवर पसरला. बराच वेळ तळव्यानं सारखा करत बसली.

"ह्याला त्या लाव."

"आवं आत्याबाई, बुट्ट्याच्या हायेत त्या. बायकी दिसतील."

"दिसू देत. उसात कोन बगाय येतंय? पान सपासप कापतंय हाताला. लुगड्यावरनं घालाय हुईल मला."

"कॉलर उलटी करू?"

"कॉलरीला हात लावू नगंस. त्याच्या मानंनं झिजलीया ती."

विजयमालानं मशीन पुन्हा सुरू केलं.

सोमवारी दोघी एकदमच बाहेर पडल्या. साक्षी ब्रश तोंडात धरून ओट्यावर उभी होती. "काकू, कफ? लय भारी!" मग तिनं बनुबाईकडं बघितलं. नऊवारीवर फौजी पोराचा शर्ट, शर्टाला बुट्ट्यांचे हात. एरवी आठवडाभराची नक्कल मिळाली असती. तिनं ब्रश फिरवला आणि आत गेली.

थांब्याशी विजयमाला उजव्या कफाचं बटण लावत होती. डाव्या हातानं ते जमेना. मानसिंगलाही कधी जमलं नव्हतं. तीच लावून द्यायची. उसाच्या वाटेला लागलेली बनुबाई वळून परत आली.

"आन हिकडं."

बनुबाईनं बटण लावलं, कफ मनगटावर दाबला आणि धरून ठेवला. विजयमाला बुट्ट्यांच्या बाहीतल्या त्या हाताकडं बघत राहिली. आतून काहीच वाटेना. एसटी आली.

"सोडा, आत्याबाई," ती म्हणाली आणि चढली.